देठ हिरवा, केळं पिवळं: यावर औषध मारलंय का?

धुळ्याच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे: "वडील ६८ वर्षांचे. बारा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. उभा जन्म रावेरकडे केळीच्या बागेत गेला. हल्ली बाजारात केळी एकसारखी पिवळी आणि देठ मात्र हिरवा अशी मिळतात. मोबाईलवर व्हिडिओ येतात की हे कार्बाइडचं लक्षण आहे. म्हणून मी घरात केळं आणणंच बंद केलं. वडील रोज जेवण झालं की विचारतात. शुगर असलेल्या माणसाला केळं चालतं का? आणि कच्च्या केळ्याचं पीठ शुगर उतरवतं असं सांगून विकतात, ते घ्यावं का?"

ताई, सुरुवात देठापासून करतो, कारण त्या व्हिडिओनेच तुमच्या वडिलांचं केळं बंद केलं. हिरवा देठ हे कार्बाइडचं लक्षण नाही. फळ पिवळं, देठ आणि टोक हिरवं ही केळं पिकण्याची एक नेमकी पायरी आहे. मी सावद्याजवळ बावीस वर्षं उतरवलेली हिरवी केळी चेंबरमध्ये पिकवून बाजारात पाठवतो आणि आमची गाडी आम्ही मुद्दाम याच पायरीच्या आधी किंवा याच पायरीवर बाहेर काढतो. पूर्ण पिवळं झालेलं फळ धुळ्याला पोचेपर्यंत खरचटतं, डागाळतं. जे चांगल्या पिकवणीचं लक्षण, तेच त्या व्हिडिओत विषाचं म्हणून सांगितलं आहे. हे वाचून मला राग नाही, वाईट वाटतं. भीतीपोटी लोक फळ सोडतात आणि बिस्किटाचा पुडा घरी नेतात.

केळं पिकतं कसं, हे थोडं सविस्तर सांगतो. केळ्याचा घड झाडावर पिकू देत नाहीत. तो हिरवा, पण गर भरलेला असताना उतरवतात. उतरवल्यावर काही दिवसांनी फळ स्वतःच इथिलीन नावाचा वायू तयार करू लागतं. तो वायू म्हणजे फळाने फळाला दिलेला निरोप: आता पिकायला लागा. एका फळातून निघाला की शेजारचं फळ जागं होतं, ते आणखी सोडतं. १९०१ मध्ये रशियातल्या नेल्जुबोव्ह नावाच्या तरुण शास्त्रज्ञाला दिसलं की प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं वाकडी वाढतात, आणि त्याला दिव्याच्या गॅसमधला इथिलीन कारण आहे. पुढे १९३४ मध्ये इंग्लंडच्या गेन यांनी दाखवलं की पिकणारं फळ हा वायू स्वतःच बनवतं. आपल्याकडे हे नाव कोणाला माहीत नव्हतं, पण वापर माहीत होता. तुमच्या वडिलांना विचारा. बंद खोलीत घड रचून, कोपऱ्यात गोवऱ्यांची धुरी देऊन, दार लिंपून ठेवायचे. अर्धवट जळणाऱ्या गोवरीच्या धुरात इथिलीन असतो. केळं धुराने नाही, धुरातल्या त्या वायूने पिकायचं.

आज रायपनिंग चेंबरमध्ये आम्ही तेच करतो, फक्त धूर वगळून आणि मोजून. थंड केलेल्या बंद खोलीत क्रेट लावतो. फळात सुई खुपसून गराचं तापमान बघतो, ते १६ ते १८ अंशांवर आणतो. हवेत ओलावा नव्वद टक्क्यांच्या वर ठेवतो, नाहीतर साल सुरकुतते. मग हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग इतकाच इथिलीन सोडतो, सुमारे २४ तास. त्यानंतर दारं उघडून खोली मोकळी करतो, कारण फळ श्वास घेतं, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो साठला की पिकणं अडतं. पुढे वायू द्यावा लागत नाही, फळाचं स्वतःचं काम सुरू झालेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी माल बाजारात जातो. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये याच मर्यादेपर्यंत, म्हणजे शंभर भागांपर्यंत, इथिलीन वायूला परवानगी दिली. परदेशातही केळं असंच पिकवतात. २०२१ मध्ये तांदलवाडीहून भौगोलिक मानांकनाची २२ टन जळगाव केळी दुबईला गेली. परदेशी जाणारा असा माल इथून हिरवाच, १३-१४ अंशांच्या थंड कंटेनरमध्ये जातो आणि तिकडे पोचल्यावर इथिलीन देऊनच पिकवतात.

कार्बाइडचं मात्र वेगळं. बाजारात ज्याला नुसतं 'पावडर' म्हणतात, त्या कॅल्शियम कार्बाइडच्या खड्याला दमट हवा लागली की ॲसिटिलीन वायू निघतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कमकुवतपणे, म्हणून भरपूर लागतो. कारखान्यात वेल्डिंगसाठी बनणाऱ्या या खड्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धता असते. पुड्या क्रेटमध्ये ठेवणाऱ्या मजुराचे हात आणि डोळे आधी जळतात, आणि त्याची भुकटी सालीवर बसते. २०११ च्या नियमांनुसार फळं पिकवायला कार्बाइडवर देशभर बंदी आहे. तरीही उन्हाळ्यात काही ठिकाणी सापडतं, हे मी लपवणार नाही. आणखी एक चूक चालते: इथेफॉन नावाच्या औषधाच्या पाण्यात केळी सरळ बुडवून काढतात. इथेफॉनची बंद पुडी फळाला न लागता, फक्त वायूसाठी वापरता येते. पाण्यात बुडवणं नियमात बसत नाही.

मग ओळखायचं कसं? नुसत्या डोळ्यांनी खात्रीने ओळखता येत नाही. पाण्यात बुडतं की तरंगतं, मेणबत्तीजवळ धरून बघा, असल्या घरगुती परीक्षांवर मी तरी भरवसा ठेवत नाही. मी घरासाठी घेतो तेव्हा तीन गोष्टी बघतो. केळ्याला वास आहे का: व्यवस्थित पिकलेल्या फणीला जवळून गोड वास येतो, घाईत रंगवलेल्या फळाला येत नाही. फळ सोलल्यावर गराचा मध्यभाग कडक आणि तुरट, आणि साल मात्र पिवळीजर्द असं आहे का: तसं असेल तर सालीचं पिकणं पुढे आणि गराचं मागे राहिलंय, पिकवणी नीट नाही. आणि विकणाऱ्याला विचारतो, माल कोणत्या चेंबरचा. हातगाडीवाल्यालाही ते माहीत असतं आणि तो सांगतो. शिवाय सोलण्याआधी केळं धुवा. साल फेकायची असली तरी तिला लागलेले हातच गराला लागतात.

डागांचंही बोलून घेतो, कारण व्हिडिओ दोन्ही बाजूंनी येतात. एकात काळे डाग म्हणजे सडकं, दुसऱ्यात काळे डाग म्हणजे कर्करोगावर औषध. दोन्ही खोटं. तपकिरी ठिपके म्हणजे फळ पुरतं पिकलं आणि गोड झालं, एवढंच.

मे महिन्यात आपल्याकडे उलटा प्रकार होतो आणि तोही लोकांना घाबरवतो: वरून हिरवट, आत लोण्यासारखं मऊ. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हे मी स्वतःच्या हाताने केलं. बाहेर ४४ अंश. गाडी आली तेव्हा गराचं तापमान तिशीच्या वर होतं. गिऱ्हाइकाची घाई होती, म्हणून फळ थंड व्हायची वाट न बघता मी वायू सोडला. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर क्रेटच्या क्रेट हिरवे, आणि हात लावला की बोट आत जाई. सगळी गाडी गेली. तेव्हा समजलं ते आजही मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो: गर मऊ होणं आणि साल पिवळी होणं ही दोन वेगळी कामं आहेत. बसराई असो, श्रीमंती असो की आजचं ग्रँड नैन, ही सगळी कॅव्हेंडिश घराण्याची. या फळांच्या सालीतलं हरितद्रव्य साधारण २४ अंशांच्या वर नीट मोडत नाही. गर मात्र उष्णतेने जोरात पिकतो. म्हणून मेमध्ये घरात ठेवलेलं हिरवट केळं कच्चंच असेल असं धरू नका, दाबून बघा.

हे लक्षात घेऊन रंग वाचायला शिकलात की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. आमच्या धंद्यात सात पायऱ्यांचा रंगतक्ता असतो. पहिली पायरी पूर्ण हिरवं. चौथीला पिवळं हिरव्यापेक्षा जास्त. पाचवीला फक्त देठ-टोक हिरवं. सहावीला पूर्ण पिवळं, सातवीला ठिपके. या सात पायऱ्यांत आत काय बदलतं ते बघा: हिरव्या केळ्याच्या गरात वीस टक्क्यांच्या आसपास स्टार्च असतो आणि साखर नाममात्र. सातव्या पायरीला स्टार्च एक-दोन टक्के उरतो, बाकीची साखर झालेली असते. म्हणजे एकूण पिष्टमय भाग जवळपास तेवढाच, त्याचं रूप बदललं. ग्लायसेमिक इंडेक्स म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा. कच्चटपणा असलेल्या केळ्याचा तो चाळिशीच्या आसपास, पूर्ण पिकलेल्याचा पन्नाशीच्या आसपास मोजला गेला आहे. ५५ पर्यंतचं अन्न कमी गटात धरतात.

हे वाचून 'मग चालतं की' असं म्हणून वडिलांपुढे अर्धा डझन ठेवू नका. इंडेक्स वेग सांगतो, किती खाल्लं ते सांगत नाही. सोललेल्या १०० ग्रॅम पिकलेल्या केळ्यात सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं असतात, त्यातली निम्म्याहून जास्त साखर. मध्यम केळं सोलून ११५-१२० ग्रॅम भरतं, म्हणजे २७ ग्रॅम. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी ३४ ग्रॅमच्या आसपास जाते. मग हिशेब सरळ आहे: एक मध्यम केळं म्हणजे पाऊण भाकरी. तुमचे वडील दोन भाकरी जेवून वर केळं मागत असतील तर साखर चढणारच, आणि नाव केळ्याचं होणार. केळं द्यायचं त्या जेवणात भाकरी कमी करा. नाहीतर केळं जेवणाला जोडूच नका, दुपारी चारला अर्धं केळं आणि मूठभर शेंगदाणे द्या. शेंगदाण्यातल्या स्निग्धांशाने आणि प्रथिनाने पोट सावकाश रिकामं होतं, साखर हळू चढते. शिकरण मात्र बंद. पिकलेलं केळं, दूध, वर साखर आणि सोबत पोळी, हे शुगर असलेल्या माणसाला एका बैठकीत फार होतं. जेवणात कळण्याची भाकरी असेल तर उत्तम, उडदामुळे तिच्यात नुसत्या ज्वारीपेक्षा प्रथिनं जास्त असतात.

याहून चांगलं उत्तर तुमच्या घरातलं ग्लुकोमीटर देईल. प्रत्येक माणसाचं शरीर वेगळं. एक दिवस चौथ्या-पाचव्या पायरीचं अर्धं केळं द्या, खाण्याआधी, एका तासाने आणि दोन तासांनी साखर मोजा. दुसऱ्या एका दिवशी ठिपके पडलेलं अर्धं केळं त्याच वेळी, तसंच मोजा. वहीत लिहा. हल्ली दंडावर चौदा दिवस लावून ठेवायचा सेन्सर मिळतो, तो दर काही मिनिटांनी आकडा देतो. परवडत असेल तर एकदा लावून बघण्यासारखा आहे, पण वर सांगितलेली सहा मोजणीही खूप सांगून जाईल.

आणि हे सगळं करण्याआधी एक काम, यात कसूर करू नका. बारा वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. केळ्यात पोटॅशियम भरपूर, १०० ग्रॅमला सुमारे ३६० मिलिग्रॅम. मूत्रपिंड नीट असेल तर ही चांगलीच गोष्ट. ते थकलं असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. बीपीच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. वडिलांची क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी अलीकडे झाली नसेल तर ती करून डॉक्टरांना दाखवा आणि 'रोज अर्धं केळं देऊ का' असं थेट विचारा. केळ्याबाबत मला खरी काळजी वाटते ती साखरेची कमी आणि याची जास्त.

आता पीठ. हे मी स्वतः बनवतो आणि विकतो, म्हणून जपून बोलतो. कच्च्या केळ्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जिवाणू त्याला आंबवून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, जी आतड्याच्या आतल्या थराचं अन्न आहेत. याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, पचनातून निसटणारा स्टार्च म्हणा. पाकिटावर जे छापतात ते इथपर्यंत खरं आहे. पण पुढचं कोणी छापत नाही. केळ्याच्या स्टार्चचा दाणा ओलाव्यात ६५-७५ अंशांच्या आसपास फुलतो आणि मग तो साध्या स्टार्चसारखा पचू लागतो. म्हणून आम्ही कापट्या ६० अंशांच्या आत वाळवतो. घाईत जास्त उष्णतेवर वाळवलेल्या पिठात तो गुण इथेच कमी होतो. आणि समजा पीठ उत्तम आहे, तरी तुम्ही त्याचं थालीपीठ तव्यावर भाजलंत की बराचसा रेझिस्टंट स्टार्च तिथे गेला. थंड झाल्यावर थोडा परत जमतो, सगळा नाही. थालीपीठ वाईट नाही, उपासाला साबुदाण्यापेक्षा मला ते कधीही बरं वाटतं, पण 'शुगर उतरवणारं' म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नका. तो गुण हवाच असेल तर एक चमचा पीठ ताकात कालवून, न शिजवता. एका चमच्याने सुरू करा, पोटात वारा धरतो. आणि गोळी कमी करण्याचा विचार पिठाच्या भरवशावर अजिबात करू नका. पिठाचा रंग मळकट, फिका तपकिरी असतो. पांढरंशुभ्र असेल तर कापट्या काळ्या पडू नयेत म्हणून सल्फाइटचं पाणी जास्त वापरलेलं असू शकतं. पाकिटावर ते २२४ या क्रमांकाने लिहिलेलं दिसेल. घरात कोणाला दमा असेल तर तसं पाकीट घेऊ नका. शंभर किलो कच्च्या केळ्यांतून जेमतेम १७-१८ किलो पीठ निघतं. फार स्वस्त मिळालं तर त्यात दुसरं काही मिसळलंय का हा प्रश्न विचारा.

याच स्टार्चवरची एक मोठी बातमी २०२२ मध्ये फिरली: 'कच्चट केळं कर्करोग टाळतं.' मूळ अभ्यास खरा आणि दमदार आहे. न्यूकॅसल आणि लीड्स विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी लिंच सिंड्रोम या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाच्या जवळपास एक हजार माणसांवर तो केला. त्यातल्या साधारण निम्म्यांना दोन वर्षं रोज ३० ग्रॅम रेझिस्टंट स्टार्चची भुकटी दिली. पुढची अनेक वर्षं लक्ष ठेवलं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फरक पडला नाही. इतर अवयवांचे कर्करोग मात्र साठ टक्क्यांहून जास्त घटले. आशा वाटावी असंच आहे. पण ती माणसं विशिष्ट दोषाची होती आणि त्यांना केळं नाही, मोजून भुकटी दिली होती. तुमच्या-माझ्यावर ते जसंच्या तसं लावता येत नाही.

२०२३ ची दुसरी बातमी रोजच्या वापराची आहे. केळं कापून ठेवलं की काळं पडतं, ते पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाच्या विकरामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत मोजक्या निरोगी माणसांवर बघितलं की केळं घालून घुसळलेल्या पेयातून फ्लॅव्हनॉल हे हृदयाला उपयोगी द्रव्य शरीरात ८४ टक्के कमी पोचलं, कारण हे विकर त्याला मोडतं. याचा अर्थ केळं वाईट असा नाही. द्राक्षं, बेरी, कोको यांच्यातल्या फ्लॅव्हनॉलसाठी पेय बनवत असाल तर त्यात केळं घुसळू नका, इतकंच. दूध-केळ्याला याने काही बिघडत नाही. हेच विकर बंद केलेलं, कापल्यावर लवकर काळं न पडणारं केळं इंग्लंडमधल्या ट्रॉपिक कंपनीने जनुक संपादनाने तयार केलं आणि फिलिपिन्सने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली. वाटेत काळ्या पडणाऱ्या मालापायी जे नुकसान आम्ही रोज बघतो, ते बघता या कामाकडे माझं बारीक लक्ष आहे.

वडिलांसाठी घरी आणताना डझनभर पिवळी आणू नका, तिथेच गणित बिघडतं: उद्या ठिपके पडतात आणि 'वाया जातील' म्हणून दोन-दोन खाल्ली जातात. चौथ्या पायरीची, थोडी हिरवट, चार केळी घ्या, तीही लहान फळाची फणी बघून. देठाला धरून टांगून ठेवा, ढीग करू नका. लवकर पिकवायची असतील तर कागदी पिशवीत एक सफरचंद सोबत ठेवा, त्याचा इथिलीन काम करतो. हवी तेवढी पिकली की फ्रिजमध्ये टाका. १३ अंशांच्या खाली साल काळी पडेल, ताई, त्याला घाबरू नका, आतला गर दोन-तीन दिवस तसाच राहतो. हिरवी असताना मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका, त्या थंडीत ती अडकतात आणि बाहेर काढली तरी मग धड पिकत नाहीत.